तीन शिट्ट्यांचा आकाशकंदील

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आकाशकंदिलासाठी घोटीव कागद आणलेला, पिवळा आणि राणी कलरचा, बांबूच्या काड्या माळ्यावर होत्याच, आणि त्या दिवशी सकाळपासून अंग हलकं वाटत होतं, म्हणजे माझ्या हिशोबाने हलकं, दुखणं दहापैकी तीन वगैरे. मग काय, बसले. सलग साडेतीन तास. कागदाच्या करंज्या चिकटवल्या, झिरमिळ्या कापल्या, सासूबाई दोनदा म्हणाल्या अगं ऊठ आता, पण हात चालत होता, दुखत पण नव्हतं, तर कशाला उठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. मान, खांदे, दोन्ही अंगठे, आणि मांड्या. अंगठ्यांचं समजू शकते, पण मांड्यांनी काय केलं होतं हो? त्या काय कात्री धरून बसल्या नव्हत्या.

मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे सगळं अंग वर्षानुवर्षं दुखत राहण्याचा आजार, आणि वर बोनस म्हणून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज. झीज एक्सरेत दिसते, त्यामुळे तिला घरात मान आहे. फायब्रोमायल्जिया कशातच दिसत नाही, ना एक्सरेत ना रक्तात, त्यामुळे त्याच्या वाट्याला "दिसतेस तर चांगली" हे वाक्य येतं. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, डॉक्टर अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा अंगठ्याने दाबून बघायचे, साधारण ४ किलोचा दाब, म्हणजे दाबणाऱ्याचं नख पांढरं पडेपर्यंत, आणि त्यातल्या ११ जागा दुखल्या की नाव मिळायचं. २०१० पासून नवे निकष आले, त्यात ही दाबादाबी सक्तीची राहिली नाही, कुठे कुठे दुखतं, झोप कशी, थकवा किती हे विचारतात.

तर मांड्यांचं कोडं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक साधा हिशोब असतो की दुखतंय म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय, आणि जेवढं जास्त दुखतंय तेवढं जास्त बिघडलंय. बोट भाजलं, गुडघा फुटला, तिथे हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. पण कायम नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९५ साली एक छोटीशी नोंद छापून आली होती. २९ वर्षांचा एक बांधकाम कामगार उडी मारून उतरला तो १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर, खिळा बुटातून आरपार वर आला. खिळा जरा हलला तरी तो विव्हळत होता, जोरदार पेनकिलर आणि गुंगीचं औषध देऊन मगच बूट काढता आला. आणि बूट काढल्यावर बघतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला. पायाला खरचटलं पण नव्हतं. आता तो नाटक करत होता का? नाही. त्याला दुखतच होतं. डोळ्यांनी जे बघितलं त्यावरून मेंदूने धोक्याचा अंदाज बांधला आणि त्या अंदाजाप्रमाणे वेदना तयार केली.

वेदनेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्यात वेदना म्हणजे शरीराला इजा झाल्याचा, होऊ शकेल असा, किंवा तशा इजेसारखाच वाटणारा एक नकोसा अनुभव, शरीराचा पण आणि मनाचा पण, असं काहीसं म्हटलंय. खाली सहा टिपा आहेत. एक म्हणते की नसांतून येणारा सिग्नल आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी म्हणते की एखादी व्यक्ती मला दुखतंय म्हणाली तर तिच्या म्हणण्याचा मान राखावा. ही दुसरी मी फ्रिजवर चिकटवलीय, पाहुण्यांना दिसेल अशी.

आता सिग्नल जातो कसा ते. कातडीतून, सांध्यातून, स्नायूंतून ज्या बारीक नसा ठणक्याची खबर आणतात त्या फारच सावकाश, सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. स्पर्शाच्या जाड नसा त्यापेक्षा कितीतरी फास्ट, सेकंदाला तीस ते सत्तर मीटर. दोघी पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतात, आणि तिथून पुढे मेंदूकडे काय पाठवायचं ते तिथेच थोडंफार ठरतं, जणू तिथे एक फाटकच आहे. कोपर कपाटाला आपटलं की आपण न शिकवता चोळतो ना, ते याच कारणाने चालतं. चोळण्याचा स्पर्श त्या फाटकावर गर्दी करतो आणि ठणक्याला पुढे जायला वाव कमी मिळतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेवर काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हा फाटकाचा सिद्धांत मांडला. बारकावे नंतर बरेच बदलले, पण मधे फाटक आहे आणि ते वरून मेंदूच्या हुकमानेही उघडझाप करतं ही मूळ गोष्ट टिकली.

आमच्यासारख्यांचं काय होतं, तर ते फाटक सताड उघडं राहतं, आणि फाटकावरचा माणूस आलेली चिठ्ठी मोठ्ठ्याने वाचायला लागतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजा पायाला झाली तरी बदल मज्जारज्जूत होतो, तिथल्या पेशी इतक्या हळव्या होतात की नुसत्या हलक्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद देतात, आणि जिथे इजा झालेली नाही अशा आजूबाजूच्या भागातली खबर पण उचलायला लागतात. त्या पेशींवर एक दार असतं, एनएमडीए नावाचं, एरवी त्यात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. सिग्नलचा भडिमार झाला की बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीचा आवाज वाढतो. फायब्रोमायल्जियात असाच काहीतरी वाढलेला आवाज असतो असं आता बहुतेक जण मानतात. माझ्या मांड्या म्हणूनच दुखल्या, मांड्यांत काही न होता. आणि म्हणूनच वाईट दिवशी मनगटावरची काचेची बांगडी सुद्धा टोचते, घड्याळाचा पट्टा तर विचारूच नका.

इथे एक उदाहरण खूप लोक देतात की नसा कागदासारख्या, एकदा घडी पडली की कायमची. मला ते पटत नाही, आणि कागदात हात घातलेल्या कोणालाच पटू नये. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची चटई. आपण घडी दाबतो तेव्हा तिथले तंतू काही वाकतात, काही एकमेकांपासून सुटतात, काही चक्क तुटतात. तुटलेला तंतू परत सांधत नाही, ओला करा, इस्त्री करा, खूण राहतेच. मज्जारज्जूतल्या पेशी जिवंत आहेत, वाढलेला आवाज उतरू शकतो, सगळ्यांचा उतरतो असं नाही, पण उतरू शकतो. कागदाला ही सोय नाही.

डॉक्टर विचारतात दहापैकी किती. मला हा प्रश्न कायम अडचणीचा वाटतो, कारण कसलं ते कोण विचारणार? मेलझॅकनेच १९७५ मध्ये दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावली केली, ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत. मराठीत कोणी बसलं तर आकडा सहज गाठेल. मानेतून जाते ती चमक. पोटात येते ती कळ. पिकलेलं बोट ठसठसतं. हात फार वेळ वर धरला की रग लागते. दाढेला ठणका, पाठीत उसण, डोळ्यांची भगभग, पायांचं शिणशिणणं. हे नुसते शब्द नाहीत हो, प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. रग ही बहुतेक स्नायू एकाच जागी आवळून धरल्याची, आणि कंदील करताना खांद्याला लागते ती हीच. अंगठ्याच्या मुळाशी मात्र चमक, सांध्याची. आता मी डॉक्टरांना आकडा सांगते आणि पाठोपाठ शब्द पण सांगते, आमचे डॉक्टर मराठी आहेत हे नशीब.

मग एवढं दुखतं तर कागद कशाला कापत बसतेस, हा प्रश्न आत्या दर गणपतीला विचारते. तिच्यासाठी उत्तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये निरोगी लोकांच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली, सोबत स्क्रीनवर लक्षात ठेवायचं एक काम दिलं, कधी सोपं कधी अवघड. अवघड काम चालू असताना लोकांना कमी दुखलं. इथवर आपल्याला पण माहिती आहे, पोराला इंजेक्शन देताना आपण खिडकीतला कावळा दाखवतोच. पण त्यांनी मानेतल्या मज्जारज्जूचा स्कॅन पण घेतला, आणि सिग्नल तिथेच, मेंदूत पोचायच्या आधीच कमी झालेला दिसला. शरीरात स्वतःची अफूसारखी द्रव्यं तयार होतात, त्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर हा फायदा घटला. म्हणजे मन गुंतल्याने बरं वाटतं हा नुसता मनाचा खेळ नाही, पाठीच्या कण्यापर्यंत काहीतरी प्रत्यक्ष घडतं. अर्थात ती सगळी निरोगी माणसं होती आणि चटका थोड्या वेळाचा होता, वर्षानुवर्षांच्या दुखण्याला तेच्या तेच लागू होईल असं समजू नये. पण झिरमिळ्या मोजताना, आणि त्या मोजाव्या लागतात, एक पिवळी एक राणी, चुकलं की सगळी लड उलटी, मला बांगडी आठवत नाही एवढं खरं.

फक्त याच गोष्टीचा तोटा पण आहे. लक्ष गुंतलं की खबर खालीच अडते, अंगठा मात्र काम करतच असतो. चिमटीचं गणित ऐकून मी हबकले होते. अंगठा आणि तर्जनीने १ किलोच्या जोराने काही धरलं तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब येतो, हे १९७७ मध्ये हिशोब करून मांडलेलं आहे. घडीवर नख फिरवणं, कात्री दाबणं, करंजीचं टोक चिकटेपर्यंत धरून ठेवणं, सगळी चिमटच.

त्यामुळे जोर वाचवायचा. कागदाला दिशा असते. मिलमध्ये कागद तयार होताना तंतू बहुतेक यंत्राच्या धावेला समांतर बसतात. रद्दीचं वर्तमानपत्र घ्या, वरून खाली फाडा, सरळ फाटतं, आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. कार्डशीट पण न मोडता हलकेच वाकवून बघा, एका बाजूने पटकन वाकते, दुसऱ्या बाजूने हट्ट करते. पटकन वाकते त्या बाजूने घडी येईल असं कापायचं, घडी साफ पडते आणि अंगठ्याला जोर कमी लागतो. जाड शीटवर आधी रिकाम्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ ओढून घ्यायची, मग दुमडायचं, आणि घडी नखाने न दाबता चमच्याच्या पाठीने, अख्ख्या मुठीत चमचा धरून. कात्रीच्या टोकाने कापू नये, कागद खिळ्याजवळ आत सरकवावा, तिथे तरफेचा फायदा मिळतो. आणि सोळा पदर एकदम कापायचा मोह टाळा, मी सांगतेय.

खळ मी अजून मैद्याचीच शिजवते. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, भावकीच म्हणा ना, म्हणून एकमेकांना घट्ट धरतात. आजोबा किडे लागू नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर नकोच.

राहिला प्रश्न थांबायचा. बरं वाटलं की झपाटल्यासारखं काम, मग तीन दिवस आडवं, मग तुंबलेलं सगळं उरकायला परत झपाटा, हे चक्र चिवट दुखण्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात एक उलटीच गोष्ट सांगितली. दुखायला लागल्यावर थांबू नका, वेळ झाली की थांबा. कारण दुखल्यावरच विसावा मिळत गेला तर विसावा हे दुखण्याचं बक्षीस होऊन बसतं. आधी ठरवायचं किती वेळ, आणि चांगल्या दिवशी पण तेवढाच.

मला मोबाईलचा टायमर जमला नाही, तो बोटाने बंद होतो आणि आपण पाच मिनिटं पाच मिनिटं करत बसतो. कुकर तसा बंद होत नाही. डाळभात लावायचा आणि कागद घेऊन बसायचं, आमच्याकडे तीन शिट्ट्या म्हणजे बारा-पंधरा मिनिटं, तिसरी झाली की गॅस बंद करायला उठावंच लागतं, उठलं की पाठ सरळ होते, ओट्यापर्यंत चालणं होतं, आणि परत बसायचं नाही. दिवसाला कुकर दोनदा, म्हणून बैठका पण दोनच.

यात बरं होण्याचा काही दावा नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपचारांचे पुरावे तपासले तेव्हा ठाम शिफारस फक्त एकाच गोष्टीची केली, व्यायामाची, आणि तो करायला मला कागदाइतका उत्साह नाही हे कबूल करते. संध्याकाळी सोसायटीत चार फेऱ्या मारते, तोंड वाकडं करून. झोपेचं पण आहे, १९७५ मध्ये टोरांटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की या संशोधकांनी धडधाकट लोकांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडली तर त्यांचे स्नायू दुखरे झाले. रात्री बारापर्यंत झिरमिळ्या कापणं म्हणूनच बंद.

तर मागच्या वर्षीचा कंदील घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला, शिट्टी शिट्टीने. वसुबारसेला सांगाडाच होता, धनत्रयोदशीला चार बाजूंना कागद लागला, समोरच्यांचे चायनीज लाईट केव्हाच लागले होते आणि आमच्या बाल्कनीत नुसता बल्ब. लेक म्हणाली आई मी एका दिवसात उरकते, मी म्हटलं हात लावू नकोस. टांगला पाडव्याला संध्याकाळी, दोन झिरमिळ्या उलट्या लागल्यात हे टांगल्यावर दिसलं. उशिरा लागला म्हणून उतरवला पण उशिरा, त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली तरी होता.