पुरातन स्थळी अर्पण

लेणी, जुनी देवळे, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), कुंडे, देवराया अशा ठिकाणी भाविक जे वाहतात, ओततात, लावतात किंवा बांधतात ते अर्पण. वाहणाऱ्याची श्रद्धा खरी असते आणि दगडाची झीजही खरी असते, म्हणून हा आचाराचा प्रश्न होतो. महाराष्ट्रात तो रोजचाच आहे, कारण इथली कितीतरी संरक्षित स्मारके पूजेतही आहेत. अंबरनाथचे 1060 सालचे शिवमंदिर, कार्ल्याच्या चैत्यगृहाला (बौद्ध प्रार्थनेच्या लेण्याला) खेटून असलेली एकवीरा देवी आणि लेण्याद्रीच्या बौद्ध विहारातला (भिक्खूंच्या निवासलेण्यातला) गिरिजात्मज गणपती ही ठळक उदाहरणे.

या लेण्यांतले मूळ दान कसे होते, हे त्यांच्या भिंतींवरच कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यातले बरेच खांब एकेका दात्याने दिले. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवनही (ग्रीक) आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्रमांक 10 मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवले. त्यांतल्या 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला 240. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 मिळत. उरलेल्या 1000 वर व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. जागा चालती ठेवण्याची सोय दानातच केलेली होती. आजच्या अर्पणात नेमकी हीच बाजू सुटते. वाहून झाल्यावर साफ कोण करणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

सर्वांत जास्त नुकसान शेंदराने होते. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तेलात खलून फासला की तो हळूहळू वाळून कडक होतो, आणि दरवर्षी थरावर थर चढून कवच तयार होते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई आणि वीराचे मरण, मधे अप्सरा त्याला नेताहेत, वरती शिवपूजा, माथ्यावर कलश. चार-पाच थरांनंतर तळाच्या पट्टीतली ढाल-तलवार बुजते, आणि लेख असला तर तो कायमचा झाकला जातो. कवच जड झाले की खपली सुटते. खालचा दगड झिजलेला असेल तर तिच्याबरोबर त्याचा पापुद्राही निघतो. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. शेंदूर लागला म्हणून कित्येक दगड 'देव' झाले आणि कुणाच्या घराच्या पायात जाण्यापासून वाचले. शेंदूर फासणाऱ्यावर नुसते डाफरणे म्हणूनच बरोबर नाही.

दूध, दही, मध आणि साखर दगडाच्या बारीक भेगांत राहतात, आंबतात, शेवाळ आणि मुंग्या आणतात. उंबऱ्यावर नारळ फोडला की कडेचे टवके उडतात आणि पाण्याच्या गोडीने माकडे येतात. कापूर-उदबत्तीची काजळी तेलकट भिंतीवर चिकटते. लेण्यांत आग्यामोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. तिथे ज्योत पेटवूच नये. नवसाचा नायलॉनचा दोरा कुजत नाही, तो झाडाच्या सालीत रुततो. बांधायचाच असेल तर सुती आणि सैल बांधावा.

अभिषेकाला परंपरेतच तोड आहे. मूर्ती अचल असेल तर स्नान धातूच्या उत्सवमूर्तीला घालायचे आणि मूळ मूर्तीला फुले व गंध वाहायचे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीची झीज इतकी झाली होती की 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावे लागले. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या पिंडीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2017 मध्ये तिथल्या मर्यादा ठरल्या. माणशी अर्धा लिटर आरओचे पाणी, दूध किंवा पंचामृत सव्वा लिटरपर्यंत, साखर चोळणे बंद, भस्मारतीच्या वेळी पिंडीवर सुती कापड. 2020 मध्ये भाविकांनी पिंड घासण्यालाही मनाई झाली. एका माणसाचे लिटरभर दूध निरुपद्रवी वाटते, पण दगडावर हजारो माणसांची बेरीज पडते.

नैवेद्य ताटात दाखवावा आणि प्रसाद म्हणून परत न्यावा. हळद-कुंकू थेट दगडावर न लावता पानावर किंवा तबकात ठेवावे. फुले सुटी वाहावीत, प्लॅस्टिकची पिशवी व हाराची तार सोबत न्यावी. जिथे गुरव, पुजारी किंवा ग्रामस्थ आहेत तिथे आधी विचारावे. स्थळ दुसऱ्या धर्माचेही असेल तर त्यांच्या स्तूपाला किंवा मूर्तीला आपल्या देवाचे उपचार करू नयेत. बुद्धमूर्तीला शेंदूर लावण्यावर बौद्ध उपासकांचा आक्षेप याच कारणाने आहे. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, हा जुना दंडक तर अर्पणाइतकाच महत्त्वाचा.

मोठ्या देणगीचे अर्पण सर्वांत घातक ठरू शकते. दगडी देवळाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात सिमेंटवर ग्रॅनाइटची फरशी आणि वर 'जीर्णोद्धार' अशी पाटी. रंगाने भिंतीतला ओलावा आत कोंडतो, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि दगड फुगून सुटतो. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित वास्तूला इजा केली किंवा ती विद्रूप केली, तर 2010 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षणाच्या वेळी पूजा चालू नव्हती, अशा स्मारकात नव्याने पूजा सुरू करू दिली जात नाही.

आधीच चढलेला शेंदूर खरवडू नये. लिंबू, चिंच, ॲसिड, तारेचा ब्रश, वाळूचा फवारा यांपैकी काहीही वापरू नये. संवर्धक आधी कोपऱ्यातल्या लहानशा जागी द्रावणाची चाचणी घेतात, दगडाचा रंग पाहतात, मग थर मऊ करून एकेक उतरवतात. सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदूर 2022 मध्ये उतरवला, तेव्हा मंदिर दर्शनाला काही आठवडे बंद ठेवावे लागले. निघालेल्या खपल्यांत शिसे असते. त्या हातमोजे घालूनच गोळा कराव्यात, पाण्यात विसर्जित करू नयेत.