इलेक्ट्रॉन संरूपण आणि आवर्त सारणी

अणूतील इलेक्ट्रॉन निरनिराळ्या ऊर्जापातळ्यांत ज्या क्रमाने व ज्या संख्येने विभागलेले असतात, त्या मांडणीला इलेक्ट्रॉन संरूपण म्हणतात. आवर्त सारणीतील आडव्या ओळींची (आवर्तांची) लांबी आणि उभ्या स्तंभांतील (गणांतील) मूलद्रव्यांचे साधर्म्य ही दोन्ही या मांडणीतून निघतात.

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. त्यांनी मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली. मात्र टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही, गुणधर्म पाहून, त्याला आधीची जागा दिली. हा निर्णय बरोबर होता हे हेन्री मोस्ली यांच्या १९१३ मधील क्ष-किरण वर्णपटांच्या मापनांनंतर स्पष्ट झाले, कारण खरा क्रम अणुक्रमांकाचा, म्हणजे केंद्रकावरील प्रभाराचा, असतो.

वोल्फगांग पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वानुसार एकाच अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक (इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणारे अंक) सारखे असू शकत नाहीत. त्यामुळे एस, पी, डी आणि एफ या उपकवचांत (ऊर्जापातळीच्या, म्हणजे कवचाच्या, पोटभागांत) अनुक्रमे जास्तीत जास्त २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात, आणि सारणीच्या याच नावांच्या चार खंडांची (स्तंभांच्या गटांची) रुंदीही नेमकी तेवढीच असते.

येथे एक विसंगती दिसते व पाठ्यपुस्तकांत ती बहुधा घाईने उरकली जाते. कवचांची क्षमता २, ८, १८, ३२ अशी वाढते, पण आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉनांना जागा असताना तिसरे आवर्त आठवरच संपते, कारण पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डी (तिसऱ्या कवचातील डी) या रिकाम्या उपकवचात न जाता ४एस मध्ये जातो. एस इलेक्ट्रॉनाचा केंद्रकाजवळ वावर अधिक असल्याने आतील इलेक्ट्रॉनांचे आवरण त्याला कमी अडवते आणि त्याची ऊर्जा खाली येते. स्थूल नियम असा, की ज्या उपकवचासाठी मुख्य (कवचाचा क्रमांक) व दिगंशी (एस, पी, डी, एफ साठी अनुक्रमे ०, १, २, ३) पुंजांकांची बेरीज लहान, ते आधी भरते. ४एस साठी ही बेरीज ४, तर ३डी साठी ५ आहे. नियमाला अपवादही आहेत: क्रोमियम व तांबे यांच्या ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो. शिवाय लोहाचा आयन बनताना, आधी भरलेले ४एस इलेक्ट्रॉनच प्रथम निघून जातात.

गणांतील साधर्म्य बाह्यतम इलेक्ट्रॉनांमुळे येते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते, पण दुसरा पूर्ण भरलेल्या कवचातून ओढावा लागत असल्याने सुमारे ४७.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणूनच सोडियमची संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) एक. संरूपण हा मात्र एकमेव निकष नव्हे: हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन १एस मध्ये असूनही त्याला बेरिलियमच्या वर न ठेवता निष्क्रिय वायूंमध्ये ठेवतात.

या विचाराची सर्वांत देखणी कसोटी ७२ व्या मूलद्रव्याने घेतली. ते विरल मृदा मूलद्रव्य (४एफ भरत जाणाऱ्या धातूंच्या मालिकेतील) असावे असा समज होता, परंतु ४एफ उपकवच ७१ वरच पूर्ण होत असल्याने ते झिर्कोनियमसारखे असले पाहिजे, असे नील्स बोर यांचे म्हणणे होते. डिर्क कोस्टर व जॉर्ज हेवेशी यांनी १९२३ मध्ये कोपनहेगन येथे झिर्कोनियमच्या खनिजातच क्ष-किरण वर्णपटाच्या साहाय्याने ते शोधले आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरून त्याला हाफनियम म्हटले. झिर्कोनियम १७८९ पासून ज्ञात असताना त्याचा हा सोबती इतका काळ लपून राहिला, याचेही कारण संरूपणातच आहे. मधले १४ एफ इलेक्ट्रॉन केंद्रकाचा वाढता प्रभार नीट झाकू शकत नाहीत, अणू आक्रसतात, आणि ३२ अणुक्रमांकांचे अंतर असूनही दोघांच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या होतात. अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी, न्यूट्रॉन शोषणारे हाफनियम झिर्कोनियममधून वेगळे करणे त्यामुळेच आजही कष्टाचे काम आहे.