दडपलेली प्रतिकारशक्ती आणि सहन करणारी प्रतिकारशक्ती: गरोदरपणात नेमकं काय होतं?

चौथ्या-पाचव्या महिन्यातला रक्ताचा रिपोर्ट हातात येतो आणि पांढऱ्या पेशींचा आकडा चढलेला दिसतो. एरवी 4,000 ते 11,000 च्या दरम्यान असणाऱ्या पेशी 12,000-13,000 झालेल्या. जीव घाबरा होतो, कारण ऐकलेलं असतं ते उलटंच: गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते. मग लढणाऱ्या पेशी वाढल्या कशा? खरं तर गरोदरपणात एवढी वाढ नेहमीची आहे, आणि कळा सुरू झाल्यावर आकडा आणखी वर जातो. घोटाळा आहे तो ‘कमी होते’ या शब्दांत. प्रतिकारशक्ती दडपली जाणं आणि प्रतिकारशक्तीने एखाद्याला सहन करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आपण त्यात कोंबल्या आहेत.

दडपणं म्हणजे काय ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाकडे पाहिलं की कळतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्याला रोज औषधं घ्यावी लागतात. त्या औषधांना आपपर कळत नाही. नव्या मूत्रपिंडावर धावून जाणाऱ्या पेशींचा जोर ती मोडतात, तसाच जंतूंशी लढणाऱ्यांचाही. सहन करणं मात्र नेमकं असतं. कुणाला सोडायचं, शरीरात कुठे आणि किती काळ, हे त्यात ठरलेलं असतं.

बाळाचा निम्मा वारसा वडिलांकडून येतो, म्हणजे आईच्या शरीरासाठी ते निम्मं परकंच. तरी ते नऊ महिने तिथे वाढतं कसं, हा प्रश्न 1953 साली पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नीट मांडला आणि तीन शक्यता सुचवल्या. आई आणि बाळ यांच्यात आडपडदा असेल, बाळाच्या पेशींवर परकेपणाच्या खुणा अजून उमटल्या नसतील, किंवा आईची प्रतिकारशक्तीच सुस्त पडत असेल. तिसरी शक्यता पुढे टिकली नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र नेमकी तीच राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

ती का टिकली नाही, याचं उत्तर आरएच निगेटिव्ह आईच्या, म्हणजे जिच्या लाल पेशींवर आरएच नावाची खूण नाही तिच्या, फाइलमध्येच असतं. बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं थेंबभर रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तरी तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करू शकतं. पुढच्या खेपेला ही प्रतिपिंडं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाच्या लाल पेशी फोडतात. म्हणून तर साधारण 28 व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत, ही प्रतिपिंडं तयारच होऊ नयेत यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन देतात. आईची प्रतिकारशक्ती खरोखर झोपलेली असती तर त्याची गरजच पडली नसती.

आता वार जिथे रुजते तिथे जरा जवळून पाहू. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशींची दाटी होते, आणि त्यांतल्या सुमारे 70 टक्के एकाच जातीच्या असतात: नॅचरल किलर. रक्तातल्या त्यांच्या बहिणी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. इथल्या मात्र गर्भाशयाच्या मळसूत्री रक्तवाहिन्या रुंद व्हायला हातभार लावतात. त्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत तर बाळाची वाढ खुंटू शकते, आईचा रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो. म्हणजे इथे पेशी गप्प बसवलेल्या नसतात, त्यांच्या हाती दुसरं काम दिलेलं असतं आणि बाळ त्या कामावरच वाढतं. वारेच्या पेशीही सांभाळून असतात. अवयव नाकारताना टी पेशी, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्या खुणांवर तुटून पडतात, त्यांतल्या दोन मुख्य, एचएलए-ए आणि एचएलए-बी, त्या अंगावर मिरवत नाहीत. आईच्या अस्तरात शिरणाऱ्या पेशींवर एचएलए-जी नावाची शांतवणारी खूण असते. शिवाय हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशी असतातच, ज्यांच्या शोधासाठी 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग फ्लू गरोदर बाईला जास्त का झोंबतो? प्रतिकारशक्तीचं बदललेलं वागणं हे एक कारण आहे, पण एकटं नाही. वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर सरकतं, ऑक्सिजनची गरज वाढते, आणि फुप्फुसांत राखीव जागा थोडीच उरते. मलेरियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याचे परजीवी शिरलेल्या लाल पेशी वारेला चिकटून बसतात, आणि पहिलटकरणीकडे या रूपाविरुद्ध प्रतिपिंडं नसतात. मलेरियाच्या प्रदेशात पुढच्या बाळंतपणांपर्यंत ती तयार होतात आणि त्रास कमी होतो. म्हणजे गरोदरपणातही प्रतिकारशक्ती शिकते आणि ते लक्षात ठेवते.

लसींच्या बाबतीत तर दोन्हीकडे नियम सारखाच दिसतो आणि कारण वेगळं असतं. गोवर-गालगुंड-रुबेलाची जिवंत लस दोघांनाही देत नाहीत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला, कारण लशीतला कमकुवत विषाणूही त्याला आवरणार नाही. गरोदर बाईला, कारण पोटातल्या बाळाबाबत जराही धोका पत्करायचा नसतो. फ्लूची किंवा डांग्या खोकल्याची मृत लस मात्र तिला आवर्जून देतात. तिचं शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि वारेतून बाळाला पोचवतं, सर्वाधिक शेवटच्या तीन महिन्यांत.

दोन्ही गोष्टी एकसारख्या भासाव्यात अशी एक जागा आहे, ती म्हणजे संधिवात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या अनेकींचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा धरतात. हे दडपणंच वाटेल. पण ल्युपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकारी आजारात, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारात, असा आराम पडतोच असं नाही, उलट तो उसळूही शकतो. सगळी प्रतिकारशक्ती दडपली गेली असती तर दोन्ही आजार सारखेच शमले असते.

आणि हे सहन करणं बाळ जन्मल्यावर संपत नाही. मुलगा झालेल्या एका आईच्या रक्तात तब्बल 27 वर्षांनी वाय गुणसूत्र (जे पुरुषांत असतं) असलेल्या पेशी सापडल्याचं 1996 साली प्रसिद्ध झालं.