पन्नास सीटचं विमान, पंधरा जणांची बैठक

नांदेडच्या धावपट्टीवर २०२४ पासून स्टार एअरचं एम्ब्राएर १७५ दिसतं. या कंपनीने २०१९ मध्ये सुरुवात केली ती मात्र एम्ब्राएर १४५ या पन्नास सीटच्या छोट्या जेटवर. त्या १४५ चा सांगाडा थोडा आखूड केला, पोटात जादा टाक्या बसवल्या, पंखांची टोकं वर वळवली की होतं लेगसी ६००, म्हणजे बड्या लोकांचं विमान. हवाई दलाच्या व्हीआयपी ताफ्यात अशी चार आहेत. मग वाळूजच्या किंवा जालन्याच्या एखाद्या कारखानदाराने जुनं प्रवासी जेट घेऊन त्यात सोफे टाकले तर?

दुसऱ्या कामाचं विमान आपल्या कामाला लावणं या मुलखाला नवं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १९४५ मध्ये, निजाम सरकार आणि टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली. तिचा कारभार हैदराबादच्या बेगमपेठहून चाले आणि विमानं होती डाकोटा. युद्धात माल आणि सैनिक वाहणारी डाकोटा पुढे जगभर प्रवासी झाली आणि शेठजींच्या दिवाणखान्याचं कामही तिने केलं.

जेटच्या जमान्यातली गोष्ट मात्र उलट्या दिशेने सुरू होते. लियरजेट ही छोटी खासगी जेट बनवणारे बिल लियर यांच्या मनात एक सडपातळ, वेगवान खासगी जेट होतं. ती कल्पना १९७६ मध्ये कॅनडाच्या कॅनडेअरने घेतली आणि विमान एवढं रुंद केलं, की लियर वैतागून त्याला ‘फॅट अल्बर्ट’ म्हणू लागले. चॅलेंजर ६०० नावाने ते १९७८ मध्ये उडालं. पण लियरना खटकलेली ही जाडीच पुढे कामाला आली. जवळपास अडीच मीटर रुंदीच्या त्या नळीत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट बसत होत्या. मग सांगाडा सुमारे सहा मीटर लांबवला आणि १९९१ मध्ये सीआरजे हे पन्नास सीटचं प्रवासी जेट उडालं. पुढे त्याच्याच सीआरजे २०० या आवृत्तीत पंधराएक आरामखुर्च्या टाकून चॅलेंजर ८५० विकायला काढलं. आजोबांचा कोट नातवाने घालावा, तसा प्रकार.

नंतर इंधन महागलं. पन्नास सीटमागे येणारा खर्च एअरलाइनना झेपेना, आणि वापरलेली सीआरजे स्वस्तात बाजारात आली. ती घेऊन आतून नव्याने बांधून देणाऱ्या कंपन्या कॅनडात आणि दुबईत उभ्या राहिल्या. तेवढ्या पैशांत नवं खासगी जेट घ्यायचं तर ते बरंच लहान मिळतं. या जुन्या सीआरजेत माणूस जवळपास ताठ उभा राहतो आणि मध्ये टेबल टाकून बैठक होते. शिवाय यंत्र दणकट. दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारायला बनवलेल्या विमानाला वर्षाला तीनशे-चारशे तास म्हणजे निव्वळ आराम.

पण आधीच्या मालकाकडे झालेली हजारो उड्डाणं कागदावरून पुसता येत नाहीत. प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते आणि उतरली की आकसते. धातू थकतो तो याने, म्हणून मोठ्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्याच लागतात, आणि स्वस्त खरेदीचा बराचसा फायदा तिथेच जिरतो. सोफ्याचं कापडसुद्धा आगीच्या चाचणीत उतरलेलं लागतं. गल्लीतल्या सीटकव्हरवाल्याचं ते काम नव्हे.

पल्ल्याची रड जगभर ऐकू येते. चॅलेंजर ६०० चा पुढचा अवतार, ६०४, एका दमात सात हजार किलोमीटरच्या पुढे जातं, ८५० पाच हजारांच्या आसपास थांबतं, आणि जादा टाक्या नसलेलं सीआरजे तीन हजारांतच. पण आपल्याला जायचं कुठे? संभाजीनगरहून दिल्ली हजार किलोमीटरच्या आत, दुबई दोन हजारांच्या थोडी पुढे. लंडनला एका दमात जायचं नसेल, तर ही उणीव मला फारशी मोठी वाटत नाही.

खरी अडचण पंखांची आहे. सीआरजे २०० च्या पंखाला पुढच्या कडेला स्लॅट नाहीत, म्हणजे कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या सरकत्या पट्ट्या नाहीत. त्या पुढच्या, मोठ्या सीआरजे ७०० ला आल्या. त्यामुळे समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानातही पूर्ण वजनाने उडायला १,९०० मीटरच्या आसपास धावपट्टी लागते. आपला प्रदेश समुद्रसपाटीपासून बराच उंच, लातूर तर सहाशे मीटरच्या आसपास, आणि वर मे महिन्यातले ४२ अंश. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, धाव लांब. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाला २,८०० मीटरहून लांब धावपट्टी आहे, नांदेड-लातूरला २,३०० च्या आसपास. धावपट्टीचं टोक म्हणजे काय, हे चिकलठाण्याला समजावून सांगावं लागत नाही. २६ एप्रिल १९९३ ला इथून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. त्यात नाक उशिरा उचललं गेलं होतं आणि रस्त्यावरची वाहतूकही अडवलेली नव्हती.

दहा माणसं आणि दिल्लीपुरतं इंधन असेल, तर हे विमान हलकं असतं आणि लातूरहूनही निघतं. टाक्या काठोकाठ भरून मे महिन्यात दूर जायचं असेल, तर मात्र शेठजींना पहाटेच विमानतळ गाठावा लागेल.