पाठीतली सुई आणि ‘लकवा’ : पार्श्वभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडची रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं नागपूर-सेवाग्रामला केमो घेऊन गावी परततात, तेव्हा घरच्यांना सलाइनमधल्या औषधापेक्षा ‘पाठीतल्या सुई’ची धास्ती जास्त असते. ‘मणक्यातून पाणी काढलं की पोरगं लुळं पडते’ हे वाक्य प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं. या धास्तीमागे खरा इतिहास आहे. फक्त त्यातल्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या.

डोक्यात आजार उलटू नये म्हणून पाठीच्या पाण्यात औषध सोडण्याची पद्धत १९६० च्या दशकात पक्की झाली. अमेरिकेत १९६७ पासून डोक्याला किरणांचा शेक (रेडिएशन) आणि पाठीतून मेथोट्रेक्झेट हे कॅन्सरचं औषध अशी जोड दिली गेली आणि सुमारे निम्मी मुलं वाचू लागली. शेकाची किंमत नंतर कळली : अभ्यासात मागे पडणं, उंची खुंटणं, पुढे मेंदूत दुसरी गाठ. आपल्याकडे १९८० च्या दशकात रुजलेल्या उपचारक्रमातही शेक होताच. तो जसजसा मागे पडला, तसा बराचसा भार सुईवर आला.

सुरुवातीच्या काळात या सुईने काही मुलांचे पाय खरोखरच गेले. त्यात औषध टिकवण्यासाठी कुपीत घातलेल्या बेंझिल अल्कोहोलसारख्या रसायनांवर बोट ठेवलं गेलं, म्हणून पाठीसाठी अशी रसायनं नसलेलीच कुपी वापरायचा दंडक आला. दुसरी चूक डोसाची. तो शरीराच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरला १२ मिलिग्रॅम असा मोजत. पण मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी तीन-चार वर्षांच्या मुलातही जवळपास मोठ्या माणसाइतकं असतं. म्हणजे लहानग्याला औषध कमी पडायचं आणि सोळा वर्षांच्या मुलाला जास्त होऊन मेंदूला झोंबायचं. १९७७ च्या सुमारास वयावर डोस ठरवायची पद्धत पुढे आली. तीन वर्षांवरील सगळ्यांना सरसकट १२ मिलिग्रॅम, त्याखाली वयानुसार कमी. इतका साधा बदल, पण आधीच्या कित्येक लेकरांना तो मिळाला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं दुसरं औषध फक्त शिरेतून द्यायचं. त्याच दिवशी पाठीतली सुई असेल आणि सिरिंजची अदलाबदल झाली, तर पायापासून वर चढत जाणारा लकवा होतो आणि रुग्ण बहुधा दगावतो. अशी पहिली नोंद १९६८ ची. तरीही व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतूनच द्या, असा जागतिक इशारा निघायला २००७ उजाडलं. पिशवी पाठीत टोचता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

आता गावात ज्याला ‘लकवा’ म्हणतात तो बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकही नसतो. मेथोट्रेक्झेटची सुई झाल्यावर दोन दिवस ते दोन आठवड्यांच्या आत, विशेषतः दहा वर्षांवरच्या मुलांत, अचानक एक हात-पाय ढिला पडतो, बोलणं अडतं, तोंड वाकडं होतं. कधी ही बाजू, कधी ती. दिसायला हुबेहूब लकवा. पण बहुतेक मुलं काही तासांत किंवा काही दिवसांत पूर्ववत होतात. शंभरात मोजक्याच मुलांना हा त्रास होतो, आणि तो होतो तेव्हा मूल घरी असतं, रुग्णालय दीडशे-दोनशे किलोमीटरवर. मग मालिश, लेप, झाडफूक सुरू होते. चार दिवसांनी मूल चालू लागलं की गुण मालिशवाल्याला मिळतो आणि दोष सुईला. पुढची सुई चुकते. आजार डोक्यात उलटतो तो अशा चुकलेल्या सुयांमुळेही, हे कोणी मोजत नाही.

विदर्भात आणखी एक गुंता आहे, तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा; त्यातही लकवा होऊ शकतो. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मुलाचा हात-पाय गेला की दवाखान्यात आधी सिकलचाच संशय येतो, आणि तो योग्यही असतो. पण ‘शेवटची सुई कधी झाली’ हे विचारल्याशिवाय दोन्हींतला फरक कळायला एमआरआयपर्यंत थांबावं लागतं.

पुन्हा तेच औषध द्यायचं का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. काही जण पुढच्या एक-दोन वेळा मेथोट्रेक्झेट टाळून पाठीतून सायटाराबिन आणि हायड्रोकॉर्टिझोन ही दुसरी औषधं देतात. काही जण खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सोबत देऊन मेथोट्रेक्झेट चालू ठेवतात, त्याचा पुरावा तोकडा असला तरी. बहुतेक मुलांना तेच औषध परत दिल्यावर त्रास पुन्हा होत नाही, थोड्यांना होतो. माझं मत औषध सोडू नये या बाजूचं आहे. पण आईबापांना हे सुई देण्याआधी, त्यांच्या बोलीत सांगायला हवं. ‘लकवा येऊ शकतो’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘हात-पाय ढिला पडला तर मालिश करू नका, त्याच दिवशी निघा, बहुतेक वेळा हात-पाय पुन्हा चालू लागतो’ हे म्हणावं लागतं. आणि घरी नेण्याच्या कार्डावर शेवटच्या सुईची तारीख व औषधाचं नाव मराठीत लिहिलेलं असावं.