चित्रकलेचा तास कोणी घ्यायचा?

१८३७ साली बॉस्टनच्या शाळा समितीने सरकारी शाळांत मुलांना गाणे शिकवायचे ठरवले, पण नगर परिषदेने त्यासाठी पैसे दिले नाहीत. तेव्हा लॉवेल मेसन नावाचे संगीतकार पुढे आले. नागरिकांनी उभारलेल्या बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत ते शिकवत. दक्षिण बॉस्टनमधल्या हॉज शाळेत त्यांनी वर्षभर विनावेतन गाण्याचे तास घेतले. मुलांनी लोकांसमोर गाऊन दाखवले, ऐकणाऱ्यांना पटले आणि ऑगस्ट १८३८ मध्ये संगीत हा विषय शहराच्या शाळांत रीतसर दाखल झाला.

अमेरिकेतल्या शहरी सरकारी शाळांमध्ये आज स्थानिक कलासंस्था, संग्रहालये, नाटकमंडळ्या आणि कलाकार यांच्या साथीने जे कलाशिक्षण चालते, त्याची नाळ मला या प्रसंगात दिसते. बाहेरच्या माणसाने सुरुवात करून दिली आणि मग शाळेने ते काम आपले म्हणून हाती घेतले. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत यातला पहिला भाग पुन्हा पुन्हा घडला. दुसरा मात्र फार कमी वेळा.

चित्रकला शाळेत आली ती कारखान्यांच्या गरजेतून. मॅसॅच्युसेट्समधल्या उद्योजकांना युरोपातल्या सुबक मालाशी टक्कर देण्यासाठी रेखाटन येणारे कारागीर हवे होते. त्यांच्या मागणीवरून १८७० मध्ये राज्याने शाळांत रेखाटन सक्तीचे केले. तासाला वर्ग भरायचा, पण सौंदर्य, आनंद किंवा मुलांच्या मनातले काही कागदावर उतरणे हा त्यामागचा हेतू नव्हता.

तो विचार आणला वस्तीत राहून काम करणाऱ्यांनी. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस सुरू केले. दोनच वर्षांत तिथे कलादालन उभे राहिले, मग संगीतशाळा निघाली. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन लहानपणी हल हाउसच्याच बँडमध्ये वाजवत होते. स्टार यांनी आणखी एक पाऊल टाकले. कळकट भिंतींच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांना चांगली चित्रे रोज डोळ्यांसमोर दिसावीत, म्हणून त्यांनी १८९४ मध्ये शिकागो पब्लिक स्कूल आर्ट सोसायटी स्थापन केली आणि वर्गावर्गात चित्रांच्या प्रतिकृती लावायला घेतल्या. भिंतीवरच्या एका चित्राने काय होते, असे कुणी म्हणेल. घरात एकही चित्र नसलेल्या मुलासाठी ती पहिली खिडकी असते.

महामंदीत याला सरकारी पैशाचे बळ मिळाले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या फेडरल आर्ट प्रोजेक्टने बेरोजगार कलाकारांना पगारावर घेतले आणि देशभर शंभराहून अधिक सामुदायिक कला केंद्रे उभी राहिली. न्यूयॉर्कच्या हार्लेम केंद्राची धुरा सुरुवातीला शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांच्याकडे होती. युद्ध आले, योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक केंद्रे बंद पडली. शिकागोचे साउथ साइड केंद्र मात्र वस्तीने टिकवून धरले. ते आजही चालू आहे.

१९६९ पासून राष्ट्रीय कला निधी या केंद्र सरकारच्या संस्थेने कलाकारांना थेट शाळांत पाठवायला सुरुवात केली. तोवर शाळेत कलाशिक्षक होते आणि कलाकार पाहुणा म्हणून येत होता. हे चित्र उलटले ते सत्तरच्या दशकात.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. कात्री सर्वांत आधी पडली ती कला आणि संगीतावर. वाद्ये कपाटात गेली, चित्रकलेच्या खोल्या इतर वर्गांना दिल्या गेल्या. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर करून मालमत्ता करावर मर्यादा आणली. शाळांचा मोठा आधार हाच कर होता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या शाळा मंडळाचे आर्थिक कंबरडे मोडले.

आज ज्या भागीदाऱ्यांचे कौतुक होते, त्यांतल्या कित्येकींचा जन्म या पडझडीत झाला, हे विसरून चालणार नाही. शाळांतले चित्रकलेचे वर्ग बंद होत असल्याची बातमी वाचून ॲग्नेस गुंड यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ इन अ स्कूल ही संस्था काढली आणि व्यावसायिक चित्रकार-शिल्पकारांना शाळांत नेले. ते काम मोलाचेच होते. पण गेलेल्या शिक्षकाच्या जागी आलेला कलाकार आणि असलेल्या शिक्षकाच्या शेजारी उभा राहिलेला कलाकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात देणगी आटली की तासही संपतो. शिवाय मदत कुणाला मिळते? ज्या मुख्याध्यापकांच्या ओळखी असतात, ज्या पालकांना अर्ज लिहायला वेळ असतो, त्यांना. एका शाळेत चार-चार संस्था, तर दोन रस्ते पलीकडच्या शाळेत एकही नाही, अशी विषमता त्यातूनच वाढली.

यावरचा विचारपूर्वक तोडगा शिकागोत सापडला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या शिकागो आर्ट्स पार्टनरशिप्स इन एज्युकेशनने कलाकार आणि वर्गशिक्षक यांना एकत्र बसवून पाठाची आखणी करायला लावली. कलाकाराने यायचे, नाच बसवायचा आणि निघून जायचे, ही रीत मोडली. शिक्षक कलाकाराकडून शिकले आणि कलाकारांना वर्ग कसा सांभाळतात ते कळले. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये केवळ कलेसाठी राखीव असा दर विद्यार्थ्यामागे निधी सुरू केला. दहा वर्षांनी त्यावरची राखीव अट काढून टाकली. अट गेली, तसे आकडे आणि परीक्षा यांच्या दबावाखालच्या शाळांना तो पैसा दुसरीकडे वळवता येऊ लागला. २००२ पासून लागू झालेल्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याने वाचन आणि गणिताच्या गुणांवर शाळांची पत ठरवली होती, त्यामुळे वेळापत्रकातून काय गळले असेल ते सांगायला नको.

याची किंमत कुणी मोजली, हे राष्ट्रीय कला निधीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. बालपणी काही ना काही कलाशिक्षण मिळालेल्या कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण १९८२ मध्ये ५०.९ टक्के होते, २००८ मध्ये ते २६.२ टक्क्यांवर आले. श्वेतवर्णीयांचे ५९.२ वरून ५७.९. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मन विषण्ण होते.

बॉस्टनने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. शाळा विभाग, एडव्हेस्टर्स ही संस्था आणि देणगीदार यांनी आधी प्रत्येक शाळेत कोणती कला, किती मुलांना, आठवड्यातून किती वेळ मिळते याची मोजणी केली. कोणत्या शाळेत काहीच नाही, हे त्यामुळे पहिल्यांदाच समोर आले. खासगी पैसा सुरुवातीच्या ढकलण्यापुरता वापरायचा आणि कायम कलाशिक्षक नेमण्याचा खर्च सरकारी अंदाजपत्रकातून व्हायचा, अशी ही आखणी होती. मला यात मेसन यांचा जुनाच धडा दिसतो.

या प्रयत्नांचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा भक्कम पुरावा ह्यूस्टनमधून आला. तिथल्या ४२ शाळांमधून सोडत पद्धतीने निवडलेल्या निम्म्या शाळांना स्थानिक कलासंस्थांची साथ देण्यात आली. तिसरी ते आठवीच्या १०,५४८ विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या शाळांत शिस्तभंगाचे प्रमाण घटले, लेखनाचे गुण सुधारले आणि दुसऱ्याच्या दुःखाची कणव वाढली.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये प्रस्ताव २८ मंजूर करून शाळांच्या कला व संगीतासाठी दरवर्षी सुमारे १ अब्ज डॉलर राखून ठेवले. ५०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा विभागांनी यातला किमान ८० टक्के भाग शिकवणाऱ्या माणसांच्या नेमणुकीवर खर्चायचा, तर प्रशिक्षण, साहित्य आणि बाहेरच्या संस्थांबरोबरचे उपक्रम उरलेल्या भागातून करायचे. आधीच्या खर्चाच्या जागी हा पैसा वापरायचा नाही, त्यात भर घालायची, हेही कायद्यात लिहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रस्तावाचे जनक ऑस्टिन ब्यूटनर आणि काही पालक लॉस एंजेलिस शाळा विभागाविरुद्ध न्यायालयात गेले. नव्या निधीतून जुनाच खर्च भागवला जातो आहे, असा त्यांचा आरोप आहे.