पर्यावरणीय अभिकल्प व नियोजन प्रयोगशाळा

वस्ती, इमारत किंवा पाणलोट क्षेत्र यांची आखणी करण्यापूर्वी तेथील ऊन, वारा, माती, उतार व पाणी मोजून त्यावरून पर्याय सुचविणारे विद्यापीठीय संशोधनकेंद्र. वास्तुकला, नगररचना, भूगोल, कृषी अभियांत्रिकी अशा विभागांत हे काम विखुरलेले असते. स्वतंत्र पाटी क्वचितच दिसते.

उगम : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पर्यावरणीय अभिकल्प महाविद्यालयाने (१९५९) या विषयाला शैक्षणिक चौकट दिली, असे सामान्यतः मानतात. प्रयोगशाळेचे मुख्य साधन म्हणजे नकाशांचे अध्यारोपण. उतार, माती, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून योग्य जागा निवडण्याच्या या पद्धतीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील इयन मॅकहार्ग यांच्या नावावर ती रूढ आहे. त्यांचे काम १९६० नंतरचे. नगररचनाकार जॅकलीन टिरव्हिट यांनी १९५० मध्येच ती पाठ्यस्वरूपात मांडली होती. अमेरिकी भूदृश्य-रचनाकार वॉरन मॅनिंग यांचा बिलरिका गावाचा आराखडा (१९१२) आणि चार्ल्स एलियट यांचे बॉस्टन परिसरातील काम (सु. १८९०–९७) त्याहून जुने. १९७६ मध्ये कार्ल स्टाइनिट्झ व सहकाऱ्यांनी घेतलेल्या या पद्धतीच्या इतिहासाच्या आढाव्यानंतर मॅकहार्ग हे प्रवर्तक नव्हे, तर प्रसारक ठरतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. हार्वर्डच्या संगणक-आलेखन प्रयोगशाळेने (१९६५) हेच काम यंत्रावर नेले. पद्धतीतील मूळ दोष मात्र तसाच राहिला : उताराला ३ व मातीला २ असे क्रमांक देऊन बेरीज ५ करणे गणिताला धरून नाही, कारण ते क्रमांक दर्जा दाखवतात, प्रमाण नव्हे.

मराठवाडा : माती-पाण्याची बाजू परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) आणि, विद्यापीठ नसली तरी, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) जल व भूमी व्यवस्थापन संस्था (१९८०) यांच्याकडे आहे, पर्यावरणशास्त्राची बाजू तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे.

येथे पहिली अडचण नकाशाची येते. १ : ५०,००० स्थलदर्शक नकाशात समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांमधील उंचीचे अंतर सहसा २० मी. असते. गोदाकाठच्या एक टक्का उतारावर अशा दोन रेषा एकमेकींपासून २ किमी. लांब पडतात, त्यामुळे बांधबंदिस्तीसाठी जागेवर तलमापन (उंचसखलपणाची मोजणी) करावेच लागते.

पाणी मुरण्याचा दर दुहेरी कड्यांनी काढतात. आतले कडे ३० सेंमी., बाहेरचे ६० सेंमी. व्यासाचे. बाहेरचे सु. १५ सेंमी. खोल ठोकतात, दोन्हींत पाण्याची पातळी सारखी ठेवतात आणि आतल्या कड्यातील घट नोंदवतात. बाहेरचे पाणी कमी पडले की आतले पाणी आडवे पसरते व दर फुगतो. काळ्या भारी जमिनीत मे महिन्यात घेतलेली नोंद बहुधा वायाच जाते : पाणी भेगांतून निघून जाते व पहिल्या काही मिनिटांत दर अवाच्या सवा दिसतो. माती फुगून भेगा मिटल्यावर तो ताशी १ ते ५ मिमी.वर येतो. म्हणून चाचणी वाफसा आल्यावर घ्यावी, आणि भेगांच्या काळातली वेगळी नोंदवावी. मुरमाड माळाची आकडेवारी काळ्या जमिनीच्या आकडेवारीत मिसळू नये.

पावसातून वाहून जाणारे पाणी (अपधाव) वक्रांक पद्धतीने काढतात; वक्रांक म्हणजे जमिनीवरून पाणी किती सहज वाहून जाते ते दाखवणारा अंक. अमेरिकेत प्रारंभिक घट (पाणी वाहू लागण्यापूर्वी अडणारा व मुरणारा पाऊस) ०.२ स धरतात (स म्हणजे जमिनीची कमाल धारणक्षमता). भारतीय प्रथेत काळ्या जमिनीला, ती आधीच ओली असल्यास, ०.१ स व कोरडी असल्यास ०.३ स. वक्रांक ८५ व पाऊस ६० मिमी. धरल्यास अपधाव अनुक्रमे सु. ३१ व २४ मिमी. येतो. १०० हेक्टरांवर हा फरक सु. ७० लाख लिटरांचा. सांडवा लहान पडून बंधारा फुटण्यामागे चुकीचा गुणांक घेणे हे एक कारण असू शकते.

इमारतींबाबत तौलनिक अभ्यासाला चांगला विषय म्हणजे माळवद. लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असलेले हे छप्पर दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवते. पण त्याचेच ओझे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जीवघेणे ठरले. त्याजागी आलेल्या पत्र्याखाली साधा तापमापक फसवतो, कारण तो मुख्यतः हवा मोजतो आणि पत्र्याचे प्रारण (किरणांवाटे येणारी उष्णता) जवळजवळ सुटते. त्यासाठी १५ सेंमी. व्यासाचा, आत तापमापक असलेला काळा पोकळ गोल वापरतात. तो स्थिर व्हायला सु. २० मिनिटे लागतात, त्याआधीचे वाचन धरत नाहीत.